गुलमर्गची तयारी: बीकन हातात बसला, आता फावड्याचा नंबर

हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या माणसाला शोधून बाहेर काढण्याचा जेवढा सराव बर्फाशिवाय पुण्यात होऊ शकतो, त्यातला बीकनचा भाग मार्गी लागलाय. बीकन म्हणजे प्रत्येकाने अंगावर बांधायचं, सिग्नल सोडणारं आणि पकडणारं छोटं यंत्र. मात्र मैदानावरचे आकडे जरा फसवे असतात. बीकन पिशवीत घालून गवतात लपवला की शोधणाऱ्याच्या स्क्रीनवर अंतराचा शेवटचा आकडा ०.२ मीटरपर्यंत उतरतो आणि सगळे खूश होतात. खरा माणूस मीटरभर खाली असतो, तिथे आकडा १.० च्या खाली जातच नाही. शिवाय आजूबाजूच्या बऱ्याच जागेत आकडे जवळपास सारखेच दिसतात. म्हणून आता शेवटचे तीन मीटर शोधबीकन जमिनीला न टेकवता कमरेच्या उंचीवर, एकाच पातळीत धरून सराव चालू आहे. वेळ लगेच वाढतो, आणि तो वाढलेला वेळच खरा.

पद्धत तीच. सिग्नल मिळेपर्यंत झपाझप चालायचं. शोधणारा एकटा असेल तर कोसळलेल्या बर्फाच्या कडेपासून २० मीटर आत राहायचं आणि दोन फेऱ्यांत ४० मीटर अंतर ठेवायचं. तीन मीटरच्या आत आलं की वेग एकदम कमी. बीकन फिरवायचा नाही, तोंड एकाच दिशेला. आधी सरळ रेषेत सर्वांत लहान आकडा शोधायचा, मग त्याला काटकोनात. मोबाइल आणि स्मार्टवॉच शोधताना बीकनपासून किमान ५० सेंमी दूर. एरवी बीकन सेंडवर, म्हणजे सिग्नल सोडत असताना २० सेंमी पुरतात. जे गाडले गेलेले नाहीत त्या सगळ्यांनी आपापले बीकन सर्चवर, म्हणजे शोधण्यावर घ्यायचे. हे कोणीतरी विसरतंच, म्हणून ते मोठ्याने ओरडून सांगायचं काम आधीच एकाकडे द्यावं.

प्रोब म्हणजे बर्फात खुपसून माणूस चाचपायची लांब काठी. तिच्या सरावासाठी ताडपत्रीखाली जुनी गादी. २५ सेंमी अंतराने गोल गोल बाहेर सरकत टोचायचं, प्रोब उताराला काटकोनात. लागला की काढायचा नाही, तिथेच राहू द्यायचा.

आता फावडं. खरा वेळ इथेच जातो. मीटरभर खाली गाडलेल्या माणसापर्यंत पोचायला टनाच्या आसपास बर्फ हलवावा लागतो, आणि जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. कोसळून थांबलेला बर्फ घट्ट बसतो. त्याच्या विटा पाडाव्या लागतात. प्लॅस्टिकचं पातं इथे टिकत नाही, ॲल्युमिनियमचंच हवं. प्रोबपाशी वरून खड्डा खणायचा नाही. माणूस जितका खोल, त्याच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला सरकून आडवं आत शिरायचं. पुढे एक जण तोडणारा, मागे व्ही आकारात बाकीचे बर्फ मागे लोटणारे. उचलून फेकणं नाही. मिनिटाभराने पुढचा बदलायचा. गुलमर्गच्या गंडोलाचा (रोपवेचा) वरचा टप्पा ३,९०० मीटरच्या वर संपतो, तिथे पहिल्या मिनिटातच धाप लागते. बांधकामावरचा वाळूचा ढीग सरावाला चालतो. वाळू बर्फापेक्षा जड, पण तोडायचं कसब तिच्यात येत नाही. ते वर जाऊनच.

बर्फाच्या थरांबद्दल. डिसेंबरात बर्फ पातळ आणि रात्री निरभ्र असल्या की तळाशी कमकुवत थर तयार होतो. ५० सेंमी बर्फ, जमिनीलगत शून्य, पृष्ठभाग उणे १२ म्हणजे दर १० सेंमीला २.४ अंशांचा फरक. १ अंशाच्या वर गेलं की दाणे साखरेसारखे सुटे होऊ लागतात. मग पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळी हवा) येतो आणि त्याच्यावर जड थर टाकतो. गुलमर्गच्या वरच्या अफरवाट शिखराची गंडोलाची बाजू साधारण ईशान्येला आहे. पश्चिमेकडून वारा आला की धारेपलीकडचा बर्फ उडून याच बाजूला, धारेच्या लगेच खाली साचतो. मुक्कामाच्या हॉटेलपाशी ३० सेंमी पडला म्हणून वरही ३०च, असं धरू नये.

तपासणीला ईसीटी, म्हणजे कमकुवत थरातून तडा पसरतो का हे पाहायची चाचणी: ९० सेंमी रुंद, ३० सेंमी आत असा ठोकळा सुटा करायचा, एका टोकाला फावडं ठेवून मनगटाने १०, कोपराने १०, खांद्याने १० ठोके. तडा ज्या ठोक्याला सुटला त्याच किंवा पुढच्याच ठोक्याला ठोकळाभर आरपार गेला, तर तो उतार सोडायचा. गेला नाही, तर मात्र त्यावरून उतार सुरक्षित ठरत नाही. एक खड्डा म्हणजे एकाच जागेची माहिती. ही चाचणी नकारासाठी वापरावी, परवानगीसाठी नाही, यावर गटात आता वाद उरलेला नाही.

वाद आहे तो वाटेवर. सह्याद्रीत वाढलेले पाय आपोआप नाळेकडे, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीकडे वळतात. हिवाळ्यात तिथे वरचं सगळं येऊन साचतं आणि थोडा बर्फही माणसाला खोल गाडतो. चढ सोंडेवरूनच घ्यायचा, धारेवरच्या कॉर्निसच्या (वाऱ्याने बाहेर झुकलेल्या बर्फाच्या छज्ज्याच्या) काठापासून लांब. स्लॅब, म्हणजे बर्फाचा एकसंध घट्ट थर, बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटते, पण सपाटीवर उभं राहिलं म्हणून सुटका नाही: ८ फेब्रुवारी २०१० ला खिलनमर्गला हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या तुकडीवर हिमस्खलन कोसळून १७ जवान गेले, आणि खिलनमर्ग म्हणजे अफरवाटच्या पायथ्याचं कुरण.

म्हणून नकाशावर आता दोन रंग चढतायत: ३० अंशांवरचे उतार, आणि त्यांच्या खालचा बर्फ येऊन थांबेल तो पट्टा. फुकटचा उंचीचा डेटा ३० मीटरच्या जाळीचा आहे, त्यात दहा मीटरचा उभा टप्पा दिसतच नाही. म्हणून मर्यादा २७ अंशांवर आणली आहे. मोठ्या बर्फवृष्टीनंतरच्या दोन दिवसांसाठी या दोन्ही रंगांच्या बाहेर राहणाऱ्या वाटाच यादीत ठेवायच्या आहेत; यादी फार लहान होतेय, पण तशीच राहील.