गाजरं खाल्ली, पुष्कळ खाल्ली

तुम्ही विचारलंत म्हणून. लग्नात, रिक्षात, नव्या ऑफिसात, सगळीकडे तेच: "गाजर-पपई खात नव्हतीस का गं? व्हिटॅमिन ए कमी असेल."

कमी नाही. मला स्टारगार्ट आहे, डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार; नजरेचा मध्यच हळूहळू जातो. व्हिटॅमिन एपासून झालेलं रेटिनाल पडद्यातल्या ऑप्सिन या प्रथिनात घट्ट बसतं. उजेड पडला की आकार बदलून सुटतं. सुटलेलं आवरायला एबीसीए४ नावाचं प्रथिन लागतं. माझ्याकडे त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, एक आईकडून, एक बाबांकडून. पंगत उठते, पत्रावळी उचलायला कोणी नाही. न उचललेलं रेटिनाल जोडीजोडीनं चिकटतं आणि पडद्यामागच्या थरात पिवळट साका धरतो. अशा घरात आणखी वाढपी पाठवून काय होणार?

हे आता सांगते. एकोणिसाव्या वर्षी मला फक्त "पडद्याचा आजार" एवढंच माहीत होतं. कुठंतरी वाचलं, अमेरिकेत १९९३च्या अभ्यासात रोज १५,००० युनिट व्हिटॅमिन ए देऊन पडद्याचा आजार थोडा मंदावला. तो आजार रेटिनायटिस पिगमेंटोसा होता. माझा नव्हे. नाव नीट वाचलं नाही. अक्षरं तेव्हाच मधून गळायला लागली होती, पण ती सबब नको. मोठा टाइप होता.

चौदा महिने कॅप्सूल घेतल्या. मग पडद्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "काही चालू आहे का?" आईनं पर्समधून बाटली काढली, कौतुकानं, हळदीकुंकवाचं वाण द्यावं तशी. त्यांनी लेबल वाचलं, बाटली टेबलावर पालथी ठेवली. "हे आजपासून बंद."

"माझ्यामुळं वाढलं का हो?" आईनं विचारलं.

"तसं सांगता येत नाही."

परतीच्या एसटीत ती पुन्हा म्हणाली, मीच आणून दिल्या. मी गप्प राहिले. बाटली तिनं आणली हे खरं. कात्रण मी दाखवलं होतं, मागे मीच लागले होते. पोरवयात कोण गप्प बसत नाही? आज चौतीस वर्षांची आहे, तरी सांगितलेलं नाही.

आणि हो, अंगणवाडीतला डोस मुलांना जरूर द्या. तो कमतरतेवर आहे, त्याचा माझ्याशी संबंध नाही.

जेवणातलं गाजर मलाही चालतं, डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलंय. तरी पुलाव वाढला की आई माझ्या ताटातले तुकडे वेचून स्वतःच्या ताटात घेते. ताटाचा मध्य मला दिसत नाही. कडेनं तिची बोटं दिसतात.