टेक्सास ते न्यू हॅम्पशायर, गाडीत पिस्तूल घेऊन: मेरीलँडच्या आधीच पेटी बंद करा

आधी निकाल सांगतो. न्यू जर्सीला, म्हणजे एडिसनला नाहीतर जर्सी सिटीला, कुणाकडे राहायला निघाला असाल तर पिस्तूल घरी ठेवा. त्याहून पुढे, न्यू हॅम्पशायर, व्हरमॉन्ट किंवा मेनपर्यंत जाणार असाल तर नेता येतं, पण शेवटच्या टप्प्यात त्याचा स्वसंरक्षणासाठी काडीचाही उपयोग नाही. हे मला निघण्याआधी कुणी सांगितलं नाही. सांगितलं ते उलटंच.

आम्ही डॅलसहून न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआला धाकट्या भावाकडे गाडीने गेलो. आय-३०, आय-४० (आय म्हणजे इंटरस्टेट महामार्ग), मग टेनेसीतून आय-८१ धरून वर पेनसिल्व्हेनिया, तिथून आय-८४. तुम्हाला पिस्तूल नीट हाताळता येतं, नेमबाजीच्या रेंजवर जाणं चालू आहे आणि टेक्सासचं कॅरी लायसन्स, म्हणजे पिस्तूल अंगावर बाळगायचा परवाना, खिशात आहे, असं धरूनच पुढचं लिहितोय.

ज्या दुकानातून मी गोळ्या घेतो तिथला माणूस म्हणाला, "ग्लव्ह बॉक्सला कुलूप लाव, केंद्राचा कायदा तुला सगळीकडे सांभाळतो." वर 'पन्नास राज्यांत मान्य' असं लेबल लावलेली लोखंडी पेटी १८९ डॉलरला गळ्यात मारली. असली मान्यता कुठलाच कायदा देत नाही. कुलूप लागणारी कुठलीही मजबूत पेटी चालते, चाळीस डॉलरची घ्या. सोबत सीटच्या लोखंडी पायाला बांधायची केबल मात्र चांगली घ्या.

आणि ग्लव्ह बॉक्सचं तर साफ खोटं. १९८६ चा केंद्रीय कायदा असं म्हणतो की पिस्तूल रिकामं हवं, आणि पिस्तूल किंवा गोळ्या बसल्या जागेवरून हाताला लागता कामा नयेत. सेडान असेल तर डिकीत ठेवा. एसयूव्हीला वेगळी डिकी नसते, म्हणून कुलूपबंद पेटी लागते आणि ती ग्लव्ह बॉक्स किंवा मधला कन्सोल सोडून दुसरी असावी लागते. या दोन जागा कायद्यात नाव घेऊन वगळल्या आहेत. आपल्यातल्या बहुतेकांकडे एसयूव्हीच असते, म्हणून हे नीट वाचा. शिवाय हे संरक्षण मिळतं ते जिथून निघालात आणि जिथे पोचणार, त्या दोन्ही ठिकाणी ते शस्त्र बाळगणं तुम्हाला कायदेशीर असेल तरच. एडिसनचा बेत इथेच कोसळतो, आणि नॅशुआचा इथेच तरतो, कारण न्यू हॅम्पशायरमध्ये २०१७ पासून परवान्याशिवायही कॅरी करता येतं.

अर्कान्सा, टेनेसी सोपं गेलं. लिटल रॉक आणि मेम्फिसच्या मधे मागचा दिवा गेला म्हणून ट्रूपरने, म्हणजे राज्याच्या हायवे पोलिसाने, थांबवलं. मी काच खाली केली, आतला दिवा लावला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि खिशाकडे हात नेण्याआधीच सांगितलं की माझ्याकडे टेक्सासचं लायसन्स आहे आणि पिस्तूल उजव्या कमरेला आहे. तो म्हणाला, तिथेच राहू दे. ड्रायव्हिंग लायसन्स डाव्या खिशात आणि गाडीचे कागद सन व्हायझरला ठेवले होते, म्हणून हात पिस्तुलाच्या जवळपासही गेला नाही. कागद आणि पिस्तूल एका कप्प्यात कधीही ठेवू नका. स्टिअरिंगखाली लोहचुंबकाने चिकटवायचे होल्स्टर मिळतात, ते घेऊच नका. ट्रिगर उघडा राहतो आणि गाडी आदळली तर पिस्तूल कुठेही उडतं.

मेम्फिसला रात्री गाडीत काही ठेवू नका, पेटीसुद्धा नाही. रूममध्ये न्या.

व्हर्जिनियात आय-८१ सव्वातीनशे मैल आहे आणि ट्रकांनी भरलेला असतो. ८५ च्या वर काटा गेला तर तिथे साधी पावती मिळत नाही, तो फौजदारी गुन्हा धरतात. गाडीत शस्त्र असताना ही भानगड नको.

आता खरी डोकेदुखी. विंचेस्टर सोडलं की वेस्ट व्हर्जिनियाचा तुकडा लागतो आणि लगेच मेरीलँड. मेरीलँडमधला आय-८१ जेमतेम बारा मैल, पंधरा मिनिटांत संपतो. पण मेरीलँड बाहेरच्या कुठल्याही राज्याचं लायसन्स मानत नाही. पलीकडे पेनसिल्व्हेनियात टेक्सासचं पुन्हा चालतं. त्यामुळे लोक काय करतात, तर बॉर्डरच्या आधीच्या पेट्रोल पंपावर पिस्तूल काढून रिकामं करतात आणि चेंबर्सबर्गला पुन्हा भरतात. हे करू नका. पार्किंगमध्ये, घाईत, मुलं शेजारी बसलेली असताना चेंबर, म्हणजे नळीतली गोळीची जागा, रिकामा करणं हाच अख्ख्या प्रवासातला सगळ्यात धोक्याचा क्षण आहे. मी विंचेस्टरच्या हॉटेलात सकाळी, दार लावून, शांतपणे मॅगझिन (गोळ्यांचा खटका-डबा) काढलं, स्लाइड मागे ओढून चेंबरमध्ये बोट घालून पाहिलं, पिस्तूल पेटीत ठेवलं आणि गोळ्या दुसऱ्या कुलूपबंद डब्यात. ती पेटी थेट नॅशुआला उघडली.

गोळ्याही कुलूपबंद, हाताबाहेर ठेवण्याला कारण आहे. न्यूयॉर्कच्या कायद्यात पिस्तुलात गोळी नसली, पण त्याच माणसाजवळ त्यात बसणाऱ्या गोळ्या असल्या, तरी ते 'भरलेलं' धरलं जातं. केंद्राच्या कायद्याचं कवच हललं की हे कलम लागतं आणि त्याला किमान साडेतीन वर्षांची कैद आहे. मॅगझिनचंही तसंच. न्यूयॉर्क, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स तिन्हीकडे मर्यादा दहा गोळ्यांची. टेक्सासमध्ये पिस्तुलासोबत येणारी पंधरा-सतराची मॅगझिन्स घरीच राहू द्या, दहाची विकत घ्या.

मुक्काम कुठे करायचा हा दुसरा जीवघेणा प्रश्न. २००५ मध्ये युटाच्या एका प्रवाशाचं न्यू जर्सीतल्या नेवार्कला विमान चुकलं. सामान हातात मिळालं, तो रात्रीपुरता हॉटेलात गेला आणि सकाळी विमानतळावर पिस्तूल स्वतःहून जाहीर करताच त्याला अटक झाली. खटला पुढे मागे घेतला, पण काही दिवस तो आत होता. नुकसानभरपाईसाठी तो लढला तेव्हा २०१० मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की हॉटेलात सामान त्याच्या हाताशी होतं, म्हणून संरक्षण नाही. म्हणजे वाटेतल्या कडक राज्यात रात्र काढायची नाही. आम्ही पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनला झोपलो आणि पहाटे निघून पोर्ट जर्व्हिस, डॅनबरी, हार्टफर्ड, वूस्टर करत एका दमात न्यू हॅम्पशायर गाठलं. पाच तास धरा. वॉटरबरी आणि हार्टफर्ड सकाळच्या गर्दीत सापडलं तर जास्त. पेट्रोल आणि बाथरूमपुरतं थांबा. कुणाकडे चहाला, दर्शनाला, खरेदीला वळू नका. आय-७८ ने न्यू जर्सीतून जाऊच नका, आय-८४ न्यू जर्सीला वळसा घालतो.

न्यू जर्सीबद्दल मी इतका कडक का आहे? २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका आईला तिथे साध्या ट्रॅफिक स्टॉपवर अटक झाली. तिच्याकडे पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स होतं आणि गाडीत पिस्तूल असल्याचं तिनेच पोलिसाला सांगितलं होतं. कित्येक वर्षांच्या कैदेची टांगती तलवार होती. २०१५ मध्ये गव्हर्नर क्रिस क्रिस्टी यांनी माफी दिली तेव्हा ते प्रकरण कायमचं मिटलं.

आपल्या लोकांसाठी याहून मोठी गोष्ट व्हिसाची. एच-१बी (नोकरीचा), एच-४ (त्याच्या कुटुंबाचा), एफ-१ (विद्यार्थ्याचा) व्हिसावर असलेल्याने शस्त्र किंवा नुसत्या गोळ्या बाळगणं हा केंद्राचा गुन्हा आहे, थोडे अपवाद सोडले तर, उदाहरणार्थ शिकारीचं वैध लायसन्स. शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत. ग्रीन कार्डचा अर्ज टाकलाय म्हणजे ग्रीन कार्ड मिळालं असं नाही. आणि ग्रीन कार्डवाल्यावर शस्त्राचा गुन्हा सिद्ध झाला तर देशाबाहेर काढता येतं. चालक बदलत गाडी हाकायची आपली पद्धत आहे, पण मागे पिस्तुलाची पेटी असताना एच-१बीवाल्या भावाच्या हातात किल्ली द्यायची नाही, कारण त्याच किल्ल्यांच्या जुडग्यात पेटीची किल्ली असते. माझ्या भावाचा रूममेट परतीला हॅरिसबर्गपर्यंत आमच्यासोबत येणार होता, एफ-१ वर आहे. मी स्पष्ट नाही म्हटलं. वाईट वाटलं त्याला, पण बसचं तिकीट मीच काढून दिलं.

राज्यांचे नियम सतत बदलतात. निघायच्या आठवड्यात वाटेतल्या प्रत्येक राज्याच्या पोलिसांच्या अधिकृत साइटवर टेक्सासचं लायसन्स मानतात का ते पाहा आणि ते पान छापून पेटीसोबत ठेवा. दुकानदाराला विचारू नका.