लगेच खाज थांबवणारी ट्यूब

ठाण्यात आज दिवसभर पाऊस. भिजलेल्या जीन्समध्ये लोकलचा प्रवास, मग त्याच कपड्यांत आठ तास ऑफिस. संध्याकाळी मेडिकलच्या काउंटरवर दबक्या आवाजात एकच मागणी: "जांघेत खाजतंय, लगेच थांबेल अशी ट्यूब द्या."

नेमकी तीच घेऊ नका, कळकळीने सांगतोय. अशा मिश्र मलमांत बऱ्याचदा क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड असतं. खाज थांबते, पण नायट्याची बुरशी मरत नाही, उलट पसरते. कातडी पातळ होते, कायमचे चरे पडतात.

साधं 1% क्लोट्रिमाझोल, म्हणजे बुरशी मारणारं मलम घ्या. जागा धुऊन पूर्ण कोरडी करा, मग दिवसातून 2 वेळा लावा. नायट्याच्या गोल डागाच्या कडेबाहेर 2 सेंटिमीटरपर्यंत लावा, बुरशी तिथेही असते. डाग गेल्यावरही 2 आठवडे चालू ठेवा. इथेच बहुतेकांचं चुकतं. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. अंतर्वस्त्रं सुती, गरम पाण्यात धुतलेली. पावसात वाळत नसतील तर इस्त्री फिरवा. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यांचेही उपचार एकदमच.

2 आठवड्यांत फरक नाही, पू किंवा ताप आहे, मधुमेह आहे, किंवा स्टेरॉइडची ट्यूब आधीच लावून झालीय? सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि ती ट्यूब सोबत न्या. त्यांच्यासाठी हा रोजचाच आजार आहे.