सोडियम १२४ आणि पांढरी नळी

जे बायोकेमिस्ट्रीत, म्हणजे रक्तातली साखर, क्षार वगैरे मोजणाऱ्या लॅबमध्ये, काम करत नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. रात्रपाळीला आम्ही नळ्या सेंट्रिफ्यूजला लावतो, बारकोड बघतो, रॅक मशीनमध्ये सरकवतो आणि स्क्रीनवर फ्लॅग, म्हणजे मशीनचे इशारे, आले की त्यांच्या मागे लागतो. ज्या टेस्टला फ्लॅग नाही आणि आकडा ठरवलेल्या मर्यादेत आहे ती सॉफ्टवेअर स्वतःच पास करतं, याला ऑटो व्हॅलिडेशन म्हणतात, आणि रिझल्ट थेट वॉर्डातल्या डॉक्टरच्या मोबाईलवर जातो. मधे माणूस नाही. सध्या सगळीकडे टॅटचा धोशा आहे, म्हणजे सॅम्पल आल्यापासून रिपोर्ट जाईपर्यंत किती मिनिटं गेली ते, त्यामुळे मॅनेजमेंट या सोयीवर जाम खूश असते.

गणपतीचे दिवस होते, पेठांमधले रस्ते बंद, बाहेरच्या सेंटरवरची सॅम्पल बाईकवरून फिरून फिरून उशिरा पोचत होती. (उशिराचा त्रास काय हे लोकांना कळत नाही. न फिरवलेल्या नळीत पेशी साखर खात राहतात, मग शुगर कमी येते आणि पोटॅशियम वाढलेलं दिसतं, आणि पेशंटला उगाच टेन्शन.) त्या गडबडीत कॅज्युअल्टीतून एक अर्जंट सॅम्पल आलं. तिशीतला माणूस, पोटात सणसणून दुखतंय, उलट्या, जरा असंबद्ध बोलतोय. लिहून आलं होतं इलेक्ट्रोलाइट्स (सोडियम, पोटॅशियम वगैरे क्षार), क्रिएटिनिन, लिव्हर, शुगर, आणि स्वादुपिंडासाठी अमायलेज, लायपेज.

ज्युनिअर मुलगा सेंट्रिफ्यूजपाशी होता, तो तिथूनच म्हणाला, "ताई, हे काय आलंय बघा ना." पिवळ्या झाकणाची जेल ट्यूब, खाली गुठळी, मधे जेल आणि वर जिथे गवती रंगाचं स्वच्छ सिरम दिसायला हवं तिथे नुसतं दूध. नळीमागे छापील कागद धरला तर एक अक्षर दिसेना. थोडी गढूळ सॅम्पल रोज येतात, लग्नसराईत तर जास्तच, पण हे तसलं नव्हतं. तेवढ्यात हिमॅटॉलॉजीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या, बेंचवरून आवाज आला की याच पेशंटचं हिमोग्लोबिन १८ आणि एमसीएचसी (लाल पेशींमधलं हिमोग्लोबिनचं प्रमाण) ४० दाखवतंय, असं असतं का कधी. नसतंच. सीबीसीचं मशीन हिमोग्लोबिन प्रकाशावर मोजतं, चरबीने प्रकाश अडवला की आकडा फुगतो.

आता आमच्या मशीनने काय केलं ते नीट बघा, कारण मला हे सगळं लिहावंसं वाटलं ते त्यामुळेच. क्रिएटिनिन, बिलिरुबिन, एसजीपीटी या सगळ्या टेस्टवर मशीनने फ्लॅग टाकले, लायपेमिक इंडेक्स (सिरममधल्या चरबीच्या गढूळपणाचा आकडा) हाय, रिझल्ट देऊ शकत नाही. बरोबर आहे, या टेस्ट प्रकाशावर चालतात. पण सोडियम प्रकाशावर चालत नाही, ते इलेक्ट्रोडवर चालतं, त्यामुळे तिथे एकही फ्लॅग नाही. सोडियम १२४, म्हणजे कमी. आमच्याकडे फोन करायची क्रिटिकल मर्यादा १२० च्या खाली, म्हणून तिथेही अडलं नाही. मी नळी हातात घेऊन उभी आणि सोडियम पास होऊन डॉक्टरच्या मोबाईलवर गेलेलं.

हा आकडा खोटा का, तर सिरममध्ये साधारण ९३ टक्के पाणी असतं, बाकीची जागा प्रथिनं आणि चरबीची. सोडियम राहतं फक्त पाण्यात. आमचं मोठं मशीन सिरम आधी डायल्युट करतं, मग इलेक्ट्रोडवर घेतं आणि पाणी ९३ टक्केच आहे असं धरून हिशोब करतं. इथे चरबीनेच जागा खाल्लेली, मशीनने उचललेल्या थेंबात पाणीच कमी, मग सोडियमही कमी दिसणार. पेशंटच्या अंगात मात्र ते जवळपास ठीक असतं. याला स्यूडोहायपोनेट्रेमिया म्हणतात. आयसीयूतलं एबीजी मशीन (रक्तातले वायू मोजणारं) डायल्युट न करता थेट रक्तावर मोजतं, म्हणून ते फसत नाही.

सोडियम इतकं कमी दिसलं की तीन टक्के, म्हणजे जास्त मिठाचं, सलाईन लावतात, तेच होईल या भीतीने मी कॅज्युअल्टीला फोन लावला. रेसिडेंट डॉक्टर होते.

"सर, त्या पोटदुखीच्या पेशंटला तीन टक्के सलाईन लावताय का?"

"हो, सिस्टर भरतायत. सोडियम १२४ आहे, पेशंट कन्फ्यूज्ड आहे. का?"

"थांबवा सर. ते सोडियम खरं नाहीये, सिरम दुधासारखं पांढरं आहे. एबीजीवर बघून घ्या आधी."

"अहो, तुमच्याच लॅबचा रिपोर्ट आहे ना? आज क्यूसी केलं नव्हतं का?"

क्यूसी (आकडा आधीच माहीत असलेलं सॅम्पल चालवून मशीनची तपासणी) पास होतं. सकाळचंही आणि संध्याकाळचंही, दोन्ही लेव्हल मधल्या रेषेला चिकटून. पण क्यूसी म्हणजे मशीन धड आहे की नाही एवढंच, समोरचं सॅम्पल कसं आहे ते त्यात कुठून कळणार, आणि हे डॉक्टर लोकांना कुणी शिकवतच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. त्या सरांना दोष देत नाही, त्यांच्या जागी त्यांचा निर्णय बरोबरच होता. त्यांना आकडा दिसला, नळी दिसली नाही. त्यांनी सलाईन थांबवलं आणि एबीजी केलं, सोडियम १३४. शुगर ३९० होती, आणि १०० च्या वर प्रत्येक १०० ला सोडियम अंदाजे १.६ ने खाली जातं, म्हणजे १३४ मधली उरलेली थोडी घटही साखरेचीच.

त्यानंतर मी त्या सॅम्पलवर जे काम केलं त्याचा मला अभिमान आहे, म्हणून सांगतेच. थोडं सिरम मायक्रोट्यूबमध्ये काढून हाय स्पीडला फिरवलं, चरबी वर घट्ट तरंगली, बारीक टिपने तिच्या खालून स्वच्छ भाग हळूच ओढून घेतला, जरा हात हलला की परत सगळं मिसळतं. त्यावर क्रिएटिनिन आणि लिव्हरच्या टेस्ट चालवल्या. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, कुणी लिहिलेलेच नव्हते, सरांना विचारून ते लावले, आणि ते मात्र मूळ पांढऱ्या सिरमवरच करायचे, स्वच्छ केलेल्यावर केले तर जे मोजायचंय तेच आपण काढून टाकलेलं असतं. डायल्युट करून करून शेवटी आकडा आला साडेसात हजारांच्या आसपास. नॉर्मल १५० च्या आत. हजाराच्या वर गेलं की स्वादुपिंडाला सूज यायचा धोका सुरू होतो.

अमायलेज पहिल्यांदा ९२ आलं होतं, म्हणजे नॉर्मल. तेवढ्यावर सोडलं असतं तर पॅनक्रिएटायटिस (स्वादुपिंडाची सूज) नाही असं कुणीही म्हटलं असतं. पण ट्रायग्लिसराइड्स इतके वाढले की अमायलेज दबून दिसू शकतं, म्हणून तेही डायल्युट करत गेले, तसतसा गुणून येणारा आकडा चढत गेला आणि सहाशेच्या वर थांबला. लायपेज तर हजाराच्या पुढे. पेशंट आयसीयूत गेला, इन्सुलिनची ड्रिप सुरू झाली, त्याने शुगरही उतरते आणि ट्रायग्लिसराइड्सही. पुढे रोज त्याची नळी यायची आणि रोज थोडी कमी पांढरी असायची. बरा होऊन घरी गेला.

पण मला सोडत नाही ती वेगळीच गोष्ट. सकाळी त्याची बायको लॅबच्या खिडकीशी जुनी फाईल घेऊन आली, डॉक्टरांनी जुने रिपोर्ट मागितले होते. दोनेक आठवड्यांपूर्वी घराजवळच्या एका सेंटरवर त्यांनी पॅकेज केलं होतं. त्या रिपोर्टवर अर्ध्या टेस्टपुढे रेघ आणि खाली एक ओळ, सॅम्पल लायपेमिक, १२ तास उपाशी राहून पुन्हा द्यावे. मी विचारलं, मग पुन्हा दिलं का? म्हणाली, "हे पोहे खाऊन गेले होते त्या दिवशी, म्हणून रक्त बिघडलं असं तिथली मुलगी म्हणाली. मग गणपती आले, राहूनच गेलं."

पोह्यांनी असं होत नाही हो. जेवल्यावर सिरम थोडं गढूळ होतं, पण असल्या माणसाचं रक्त उपाशीपोटीही पांढरंच असणार. त्या दिवशीची नळी मी पाहिलेली नाही, पण अर्ध्या टेस्ट अडाव्यात इतकं पांढरं सिरम हाच एक रिझल्ट होता आणि तो त्यांना दिलाच गेला नाही, उलट चूक पेशंटच्या नाश्त्यावर ढकलली गेली. तिथे कुणीतरी फोन उचलून एवढं जरी सांगितलं असतं, की थांबू नका, फिजिशियनला दाखवा, तर हा माणूस आयसीयूपर्यंत पोचलाच नसता असं मला राहून राहून वाटतं. पॅकेज विकताना फोन करायला सगळ्यांकडे माणसं असतात.

आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी दुसऱ्याच दिवशी नियम बदलून घेतला. लायपेमिक इंडेक्स ठराविक मर्यादेच्या वर गेला की सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड अडतात, नळी डोळ्यांनी बघायची आणि वॉर्डला फोन करून एबीजी सुचवायचं. राहिलंय ते मोबाईल ॲपचं. आम्ही टाकलेला शेरा पीडीएफच्या शेवटी येतो आणि ॲपवर फक्त आकडे दिसतात, त्यासाठी आयटीला दोनदा मेल गेलाय. तुमच्यापैकी कुणाच्या लॅबमध्ये शेरा आकड्याच्या शेजारीच दिसत असेल तर कोणतं सॉफ्टवेअर वापरता, आणि इंडेक्सची मर्यादा किती ठेवली आहे, जरूर कळवा, मला मॅडमना दाखवायचंय.