पोकरच्या टेबलावरचं साटंलोटं

पुण्यात पोकर खेळणारा कुणीही भेटू दे, हिंजवडीतला आयटीवाला असो नाहीतर कर्वेनगरच्या फ्लॅटमधला इंजिनीअरिंगचा पोरगा, अमृततुल्यवर चहा हातात येईपर्यंत एक वाक्य येणारच, "सगळ्या साइट्स रिग्ड असतात रे." पुरावा काय, तर माझ्याकडे एक्क्यांची जोडी होती, समोरच्याकडे राजे, आणि टेबलावरच्या, सगळ्यांच्या सामाईक पत्त्यांतल्या शेवटच्या पत्त्याला राजा पडला. अरे बाबा, एक्के विरुद्ध राजे लढले तर साधारण पाच-साडेपाच वेळांत एकदा राजे जिंकतातच, त्यात कसली रिगिंग? आणि गंमत म्हणजे हेच लोक, ज्यांना कॉम्प्युटर पत्ते लावतो याची शंभर टक्के खात्री असते, त्यांना टेबलावर शेजारी बसलेल्या दोन आयडींबद्दल कधी काही वाटत नाही. ऑनलाइन पोकरमधली चोरी बहुतेक वेळा तिथे, आतून मिळालेल्या दोघांत असते.

पत्ते पिसण्यात घोळ कधी झालाच नाही असं नाही म्हणत मी. १९९९ साली झालाय आणि भारी किस्सा आहे तो. प्लॅनेट पोकर म्हणून साइट होती, खऱ्या पैशांवर ऑनलाइन पोकर चालवणारी पहिलीच. त्यांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने आम्ही किती प्रामाणिक आहोत हे दाखवायला पत्ते पिसायचा कोडच जाहीर करून टाकला. अमेरिकेतल्या काही सॉफ्टवेअर सिक्युरिटीवाल्यांनी तो वाचला आणि डोक्याला हात लावला. ५२ पत्त्यांचा कॅट जितक्या प्रकारे लागू शकतो तो आकडा ६८ अंकी आहे, आणि यांचा कोड मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले त्यावरून पत्ते पिसत होता, म्हणजे दिवसभरात जास्तीत जास्त ८ कोटी ६४ लाख प्रकार. सर्व्हरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवलं की उरले साधारण दोन लाख, ते कुठलाही पीसी चुटकीसरशी तपासतो. आपले दोन पत्ते आणि टेबलावरचे तीन दिले की त्यांचा प्रोग्राम सगळ्यांच्या हातात काय आहे आणि पुढे कुठला पत्ता पडणार ते सांगायचा! पण ते प्रकरण तिथेच संपलं, कोड बदलला, नंतर मोठ्या साइट्स बाहेरच्या लॅबकडून हे तपासून घ्यायला लागल्या. पिसणं आता बऱ्यापैकी सुरक्षित आहे, माणसं तीच आहेत.

आता साटंलोटं म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर येतं ते फोनवर पत्ते सांगणं. दोघे मित्र, एक टेबल, बाजूला व्हॉट्सअॅप कॉल चालू, "माझ्याकडे बदामचा राजा आणि नव्वी". हे होतंच, पण गणित मांडून बघा, त्यातून वाटतो तेवढा फायदा नसतो. समजा तुमचा बदामचा फ्लश (पाचही पत्ते बदाम) लागायला एक पत्ता कमी आहे, फ्लॉप, म्हणजे टेबलावरचे पहिले तीन पत्ते, पडलाय. न दिसलेले पत्ते ४७, त्यातले बदाम ९, म्हणजे पुढच्याच पत्त्याला लागायची शक्यता १९ टक्के. मित्राने सांगितलं की दोन बदाम माझ्याकडे आहेत, तर झाले ४५ मधले ७, म्हणजे साडेपंधरा टक्के. मित्राकडे एकही बदाम नसेल तर ४५ मधले ९, वीस टक्के. साडेतीन-चार टक्क्यांची माहिती. रोज रात्री हजारो हात (म्हणजे डाव) खेळणाऱ्याला तेही पुष्कळ आहे, नाही असं नाही, पण खरा दरोडा पत्ते सांगण्यात नाही, दोन्ही बाजूंनी दाबण्यात आहे.

कसं ते सांगतो. सहा जणांचं टेबल, ५-१० चे ब्लाइंड (डाव सुरू व्हायच्या आधी दोघांनी लावायचे सक्तीचे पैसे). तुमच्याकडे राण्यांची जोडी. टेबलावर पडलंय अठ्ठी, पंजी, दुर्री, म्हणजे तुम्हाला वाटतं आपणच पुढे. एका साथीदाराकडे दोन अठ्ठ्या आहेत, म्हणजे त्याच्या तीन अठ्ठ्या झाल्यात. दुसऱ्याकडे काहीही नाही, समजा चौकटची दश्शी आणि किलवरची तिर्री, कचरा. पहिला शंभर लावतो, तुम्ही शंभर देता, आणि हा कचरावाला एकदम तीनशे करतो. पहिला नुसता कॉल करतो, म्हणजे तेवढेच देतो, अगदी विचार केल्यासारखा, टाइम बँक (विचाराला मिळणारा जादा वेळ) संपत आल्यावर. आता तुमच्यासमोर दोनशे द्यायचे आणि भलामोठा पॉट (मध्ये जमलेले पैसे), राण्या टाकवत नाहीत, तुम्ही देता. पुढच्या पत्त्याला परत तेच. शेवटी कचरावाला फोल्ड करून, म्हणजे पत्ते टाकून, निघून जातो, आणि तुम्ही तीन अठ्ठ्यांना सगळे पैसे देऊन बसता. कचरावाल्याचे गेलेले पैसे? ते त्याच्या मित्राकडेच गेले की, रात्री गुगल पे करून वाटून घेणार.

उलटा प्रकारही असतो. तुमच्याकडे गुलामांची जोडी, तुम्ही तीस केले, एकाने शंभर, दुसऱ्याने सव्वातीनशे. गुलाम घेऊन दोन रेझच्या (वाढवलेल्या रकमांच्या) पुढे कोण जाणार, शहाणा माणूस टाकतोच. तुम्ही टाकले की त्यातला एक लगेच फोल्ड, पॉट दुसऱ्याचा. दोघांकडे सत्ती-दुर्री असेल तरी चालतं, कारण पत्ते उघडे करायची वेळच येत नाही. त्या जागी बसलेल्या माणसाला हे कधीच कळत नाही. त्याला वाटतं आज नशीब खराब, किंवा आपण फार घाबरून खेळतोय. बहुतेक साइट्सवर तुम्हाला जी हँड हिस्टरी (प्रत्येक डावाची नोंद) मिळते त्यात तुमचे पत्ते असतात आणि शेवटी उघडे झालेले, टाकलेले पत्ते नसतात. म्हणजे चोरी तुमच्या डोळ्यांदेखत झाली आणि पुराव्याचा कागद फक्त कंपनीच्या कपाटात.

आणि चोर म्हणजे काळा चष्मा घातलेली टोळी असते असं काही नाही. बहुतेक वेळा ते एकाच फ्लॅटमधले तीन जण असतात, एक वायफाय, तीन लॅपटॉप, मध्ये मिसळीचा पार्सल डबा. माझ्या ओळखीतला एक मुलगा, सभ्य, नोकरी चांगली, तो मला अगदी शांतपणे म्हणाला होता, "अरे दादा, आम्ही पत्ते थोडीच सांगतो, फक्त एकमेकांना मारत नाही." मित्रासमोर असं हात राखून खेळणं, यालाच सॉफ्ट प्ले म्हणतात आणि टूर्नामेंटमध्ये ही सरळसरळ चोरी आहे, कारण तुम्ही मित्राला सोडलं की त्याचे चिप वाचतात, आणि तो आधी बाहेर पडला असता तर ज्या तिसऱ्याला बक्षीस मिळालं असतं त्याचा नंबर जातो. त्याला हे पटवायला मला संपूर्ण संध्याकाळ लागली आणि शेवटी पटलं की नाही देव जाणे, तो "हो हो" म्हणाला एवढंच.

डबल ऑर नथिंग नावाच्या टूर्नामेंटमध्ये तर हे इतकं सोपं होतं की विचारू नका. दहा जण बसायचे, पाच जण बाद झाले की उरलेल्या पाचांना दुप्पट पैसे, कमी चिप असोत की जास्त, सगळ्यांना सारखेच. म्हणजे तीन-चार जणांनी ठरवून एकमेकांना हात लावला नाही, गरज पडेल तिथे मित्राला चिप सोडल्या, की झालं काम. २०१० मध्ये पोकरस्टार्स या मोठ्या साइटवर चीनमधल्या खेळाडूंची अशीच मोठी टोळी सापडली, कंपनीने फसलेल्या लोकांना सुमारे २१ लाख डॉलर परत दिले. संशय आधी खेळाडूंनाच आला होता, हे लक्षात ठेवा.

बाकी प्रकार पण आहेत, एकाच माणसाची पाच खाती (आपल्याकडे आईच्या पॅनकार्डवर, बायकोच्या पॅनकार्डवर, अगदी मेव्हण्याच्या पण), फायनल टेबलला पोचल्यावर माउस दुसऱ्याच्या हातात देणं, बाजूला सॉल्व्हर (बरोबर चाल काढून देणारं सॉफ्टवेअर) लावून प्रत्येक चाल विचारणं. २००७ च्या पोकरस्टार्सच्या मोठ्या ऑनलाइन सिरीजमध्ये मेन इव्हेंट जिंकलेल्या 'द व्हॉइड' या खात्याचं १२ लाख डॉलरहून जास्त बक्षीस खात्याच्या घोळामुळे काढून घेतलं होतं. सॉल्व्हरचा विषय मोठा आहे, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

आता पकडतात कसे? इथे ऑनलाइनची एक गोष्ट मला फार आवडते. दिवाळीत काकांच्या घरी तीन पत्ती बसते, तिथे दोन मेहुण्यांनी डोळे मिचकावले तर कुठेही नोंद नाही, सकाळी सगळं विसरलं. ऑनलाइन मात्र प्रत्येक हात, प्रत्येक टाकलेला पत्ता, कोण किती सेकंद थांबला, कोण कुठल्या मशीनवरून आला, सगळं लिहिलेलं राहतं, कायमचं. दोन आयडी सतत एकाच टेबलावर दिसतात का, एकमेकांसमोर त्यांचे रेझ अचानक कमी होतात का, तिसरा मध्ये सापडला की वाढतात का, पैसे एकाच दिशेने वाहतात का, हे काढायला फार मोठी एआय पण लागत नाही, साधी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, पुरते. माझं पोट डेटाबेसवरच भरतं म्हणून सांगतो. फक्त ती क्वेरी मारायची इच्छा पाहिजे, आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे आहे तो स्वतः चोर नको.

कारण तेही झालंय ना. सप्टेंबर २००७, अॅब्सोल्यूट पोकर, हजार डॉलर एंट्रीची टूर्नामेंट. 'पॉटरिपर' नावाचा आयडी जिंकला, आणि कसा, तर शेवटच्या हातात समोरचा ऑल इन गेला, म्हणजे सगळ्या चिप लावल्या, आणि याच्याकडे जोडी नाही, काही नाही, सगळ्यात मोठा पत्ता नुसती दश्शी, तरी कॉल! समोरच्याचा सगळ्यात मोठा पत्ता नव्वी होता. असा कॉल पत्ते दिसत असल्याशिवाय कुणी करत नाही हो. दुसरा आलेल्या मार्को जॉन्सनने हँड हिस्टरी मागितली, आणि कंपनीतून कुणीतरी, चुकून की मुद्दाम ते सोडा, त्याला एक एक्सेल फाईल पाठवली ज्यात सगळ्यांचे सगळे पत्ते होते, टेबल बघत बसलेल्या प्रेक्षकांच्या नोंदी पण होत्या. खेळाडूंनी ती फाईल उसवली, तर ३६३ नंबरचं एक खातं, ज्याला सगळ्यांचे पत्ते दिसत होते, नुसतं बघत बसलेलं सापडलं, आणि धागा थेट कंपनीच्या आतपर्यंत गेला. आधी कंपनी काही नाही काही नाही म्हणत होती, ऑक्टोबरमध्ये कबूल केलं. मग त्यांच्याच सख्ख्या भावासारख्या अल्टिमेट बेट साइटवर तेच निघालं, वर्षानुवर्षं चाललेलं, आणि २००८ मध्ये या साइट्सना लायसन्स देणाऱ्या, कॅनडातल्या कानावाकेच्या गेमिंग कमिशनने नाव घेतलं रस हॅमिल्टनचं, जो १९९४ चा वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटचा विजेता! २ कोटी २० लाख डॉलरहून जास्त रक्कम खेळाडूंना परत द्यावी लागली.

बरं हे जुनं झालं म्हणाल, तर डिसेंबर २०२३ मध्ये जीजीपोकर या साइटवर 'मनीटेकर६९' निघाला. टेबलावर अंगठा वर-खाली करायच्या इमोजीचं एक फीचर होतं, त्यातून गेमच्या अॅपमध्ये नको ती माहिती येत होती, आणि या पठ्ठ्याने अॅप स्वतः बदलून त्यावरून आपण जिंकायची शक्यता किती हे काढलं. पत्ते दिसत नव्हते, शक्यता दिसत होती, तेवढंच पुरलं. कंपनीने भोक बुजवलं आणि २९,७९५ डॉलर जप्त केले. इथेही आधी बोंब मारली ती खेळाडूंनी, त्याचे जिंकण्याचे आकडे बघून.

म्हणजे तिन्हीकडे सारखी गोष्ट काय, तर आकडे कुणाच्या तरी हाती लागले म्हणून उलगडलं. आणि इथेच आपल्याकडे सध्या पंचाईत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत ऑनलाइन गेमिंगचा कायदा पास झाला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली, पैशांचे खेळ चालवणं आणि त्यांची जाहिरात दोन्ही गुन्हा, आणि पोकरच्या मोठ्या भारतीय साइट्सनी पैशांचे टेबल लगोलग बंद केले. कायदा बरोबर की चूक यावर घराघरात वेगळं मत आहे, माझ्याच घरात आई म्हणाली "सुटलो एकदाचे", आणि ज्या घरात पोराने कर्ज करून ठेवलंय तिथे हेच म्हणणार. पण ज्यांना खेळायचंच आहे ते कुठे गेले? क्लब अॅपवर. अॅप म्हणतं आम्ही फक्त खोट्या चिप देतो, टेबल लावणारा कुणी एजंट, चिप्सचे पैसे त्याला यूपीआय करायचे, हिशोब आठवड्याने टेलिग्रामवर. केवायसी नाही, कुणाचं खातं कुणाचं याचा पत्ता नाही, टोळी शोधणारी टीम नाही. टेबल लावणारा तोच, बँक तोच, तक्रार ऐकणारा तोच, आणि टेबलावर बसलेल्या सहातले तीन त्याचेच चुलतभाऊ असले तर कळणार कसं?

माझ्या एका मित्राला वारज्याच्या एका एजंटने असंच ग्रुपमध्ये घेतलं, हरत होता, मला स्क्रीनशॉट पाठवायचा, "बघ ना काहीतरी गडबड वाटते". दोन आयडी होते, एकाने रेझ केलं की दुसरा करणारच आणि हा टाकला की दोघांतला एक गप्प फोल्ड. स्क्रीनशॉटवरून कुणावर आरोप करता येत नाही, दहा-बारा हातांत असं योगायोगानेही दिसू शकतं, निदान काही हजार हात पाहिजेत. मी त्याला म्हटलं एजंटकडे त्या दोन आयडींच्या सगळ्या हातांचा डेटा माग, टाकलेल्या पत्त्यांसकट. त्याने मागितला. एजंटचा रिप्लाय आला, "भावा डेटा बिटा काय नसतो आपल्याकडे, विश्वासावर चालतं", आणि खाली हात जोडल्याचा इमोजी. त्याच आठवड्यात मित्राच्या शिल्लक चिप्सचे पैसे मात्र पूर्ण मिळाले, वेळेवर, एक रुपया कमी नाही, त्यामुळे आता तो मलाच म्हणतो की एजंट चांगला माणूस आहे, तू उगाच संशय घेतोस.