टॅप का नाही केलंस?

ज्युदोत फिजिओचं काम म्हणजे खुर्चीत बसून स्वतःचे हात आवरणं. लोकांना वाटतं पोरगी पडली की क्रिकेटसारखं धावत जायचं, स्प्रे मारायचा. इथे रेफ्रीने बोलावल्याशिवाय मॅटवर पाय ठेवायचा नाही आणि गेल्यावरही उपचार केले तर मॅच समोरच्याची. रक्त थांबवता येतं, पण त्याच जखमेतून तिसऱ्यांदा आलं की संपलं. म्हणून खेळाडू दुखलं तरी आमच्याकडे बघतच नाहीत.

पुण्यातल्या सिलेक्शन ट्रायल्स, ५७ किलोची सेमी. आमच्या पोरीकडे वाझा-आरी, म्हणजे गुणांची आघाडी, शेवटचा मिनिट, आणि दुसरीने खाली घेऊन जुजी-गातामे लावला, म्हणजे हात मांड्यांत पकडून कोपर उलटं ताणायचं. टॅप केलं, म्हणजे हाताने थोपटून हार मानली, की सोडावंच लागतं. हिने केलं नाही. कोपर सरळ रेषेच्या पुढे गेलेलं मला खुर्चीतून दिसलं, मग कशी कोण जाणे वळली, सुटली. रेफ्रीने विचारलं तर मान डोलावली. पट्टा डाव्या हाताने बांधला, उजव्याने नुसतं टोक दाबून धरलं. उरलेला वेळ पळत काढला, एक शिदो, म्हणजे पेनल्टी, खाल्ला आणि जिंकली.

मागे नेऊन म्हटलं हात पूर्ण सरळ कर. होईना. म्हणजे एक्सरे आलाच. आतल्या लिगामेंटवर बोट ठेवलं तर किंचाळली, पण माझं लक्ष करंगळीवर होतं. तिची नस कोपराच्या आतल्या हाडामागून जाते, आणि ज्युदोतली खरी पकड करंगळी-अनामिकेची, बाकीची बोटं नावाला. डोळे मिटायला लावले, करंगळीला स्पर्श केला.

"कळतंय?"

"लावलात का हात, मॅडम?"

तेवढ्यात कोच सर आले, फायनल आहे, टेप करा. आणि नेहमीचं सुरू, १९८४ ला लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जपानचा यामाशिता फाटलेली पोटरी घेऊन गोल्ड जिंकला वगैरे. अहो सर, पोटरी वेगळी नि नस वेगळी! आणि १९८० मध्ये त्याच यामाशिताचा पाय कानी-बासामीत, म्हणजे पायांची कात्री घालून पाडायच्या डावात, मोडला, तो डाव पुढे बंदच करावा लागला, हे का नाही सांगत पोरांना? आमच्याकडे ज्याचं मोडतं त्याच्या टाळ्या, जो टॅप करतो तो भित्रा, आणि गॅलरीत आईबाप व्हिडिओ काढतायत.

मी स्पर्धेच्या डॉक्टरांना सांगून नाव काढायला लावलं. बाणेर रोडच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. फ्रॅक्चर नव्हतं, एमआरआयमध्ये लिगामेंट अर्धवट फाटलेलं निघालं. करंगळी हळूहळू परत आली, टीम गेली.

परवा क्लिनिकमध्ये रबरबँड ओढता ओढता विचारलंच, टॅप का नाही केलंस?

"टॅप केलं असतं तर तुम्ही मला काढायला फायनल तरी असती का मॅडम?"

म्हटलं अगं, ब्रॉन्झच्या मॅचला हात शाबूत असता. हसायला लागली. ट्रायल्सच्या ब्रॉन्झला कोण विचारतं, म्हणे. ते खरंच आहे, टीममध्ये एकीलाच घेतात.