खोक्यावरचा आकडा आणि खोलीतली हवा

नागपुरातल्या मानेवाड्याच्या आमच्या घरातली मागची खोली मी धिंगरी अळंबीला दिली आहे. दहा बाय दहा आणि उंची नऊ फूट, म्हणजे ९०० घनफूट हवा. अळंबीने सोडलेला कार्बन डायऑक्साइड कोंडून राहिला की तिचे देठ लांबत जातात आणि टोप्या बटणाएवढ्याच राहतात. माझी पहिली तोडणी अशीच निघाली. तासाला सहा वेळा हवा बदलायची, तर मिनिटाला ९० घनफूट बाहेर काढले की झाले, असा हिशेब करून मी इतवारीतून २०० घनफुटांचा एक्झॉस्ट पंखा आणला आणि निर्धास्त झालो.

खोक्यावर छापलेला आकडा पंख्यापुढे कसलाही अडथळा नसतानाचा असतो, हे तेव्हा ध्यानात आले नाही. वहिनींना अळंबीच्या बीजाणूंनी खोकला होत असल्यामुळे मी पंख्याआधी हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणारा) फिल्टर बसवला होता आणि पुढे चार इंची लवचिक नळी दोन वळणे देऊन गच्चीवर नेली होती. फिल्टरसमोर उदबत्ती धरली तर धूर सरळ वर जात राहिला. फिल्टर काढताच तो आडवा होऊन नळीत शिरला. नव्या हेपा फिल्टरमधून त्याच्या पूर्ण क्षमतेइतकी हवा ओढायला सहसा शंभर पास्कलपेक्षा जास्त दाब लागतो, आणि पात्यांचा साधा पंखा त्याच्या कितीतरी आधीच हात टेकतो.

म्हणून दुसऱ्या खेपेला मी फिल्टरपासून सुरुवात केली. गरजेच्या दुप्पट क्षमतेचा फिल्टर घेतला, कारण त्यातून हवा संथ जाते, दाब कमी लागतो आणि तो उशिरा तुंबतो. नळी सहा इंची केली. तेवढीच हवा नेताना तिच्यातला घर्षणाचा विरोध चार इंचीच्या सातव्या हिश्श्याहून कमी असतो. लवचिक नळी मात्र ताणूनच बसवावी, सुरकुत्या राहिल्या तर हा फायदा बराचसा हातचा जातो. पंखा नळीत बसणारा सेंट्रिफ्यूगल, म्हणजे हवा फिरत्या चाकाने कडेला फेकून जास्त दाब देणारा घेतला, तोही दाब आणि प्रवाह यांचा आलेख पाहून. (दुकानदाराने आलेख शोधायला अर्धा तास लावला, पण दिला.)

उरला प्रश्न आत येणाऱ्या हवेचा. मे महिन्यात नागपूरची ४५ अंशांची कोरडी हवा आत घेतली तर अळंबी करपेल, म्हणून खिडकीला ओली वाळ्याची ताटी लावली. तिचाही विरोध हिशेबात धरायला हवा होता, आणि ते दाराने दाखवून दिले: पंखा सुरू असताना बाहेर उघडणारे ते दार दोन्ही हातांनी ओढावे लागे. मग ताटी दुप्पट रुंद केली आणि शेजारची खिडकीही तिच्यामागे घेतली. आता दार एका बोटाने उघडते.